वळणावरची न्याहारी

कांद्याचं रोप हाताळलं की हाताला एक वास लागतो. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही, शाळेत खडू धरला तर खडूलाही लागतो. डिसेंबर आला की आमच्या घोडेगावच्या शिवारात सगळ्यांच्याच हाताला तो वास असतो, त्यामुळे कुणाचं कुणाला काही वाटत नाही. परवा आमची लागवड सुरू झाली. वाफ्यांत पाणी सोडलं होतं, बायकांची टोळी बांधावर चहा पीत होती, आणि मी रोपाच्या जुड्या बांधता बांधता उगाचच हात नाकाशी नेला. त्यासरशी मला माझ्या लेकीच्या चाकांचा आवाज ऐकू आला. सिमेंटवरून लांबून येणारा, वाढत वाढत जाणारा आणि वळणाशी येऊन एकदम अडखळणारा.

माझी लेक तनुजा स्केटिंगची खेळाडू. बुटांना चाकं लावून शर्यतीत पळायचं, तेही असं की पाहणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत. ती आधी राज्यात पहिली आली, मग देशात, मग देशाचं नाव छातीवर लावून परदेशातही पळून आली. यंदाच्या पावसाळ्यात तिनं शर्यती सोडल्या आणि आता ती पुण्यात लहान मुलांना शिकवते. लोक मला विचारतात, ‘बाई, एवढ्या मोठ्या खेळाडूची आई तुम्ही, कुठलं मेडल सगळ्यात आवडतं?’ मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं म्हणजे मला सगळी मेडलं सारखीच दिसतात, आणि पुसायला तर सगळी मलाच लागतात. मला आठवत राहतो तो एक हिवाळा, ज्यात तिला एकही मेडल मिळालं नाही. तो आख्खा हिवाळा ती घरी होती.

पण घरी येण्याआधी ती घरातून गेली कशी, ते सांगायला हवं. ती लहान असताना माझी बदली नगरजवळच्या शाळेत होती. आम्ही मायलेकी नगरला खोली घेऊन राहायचो, आणि आमचे हे शेतीसाठी घोडेगावला. संध्याकाळी भाजी घेऊन येताना वाटेत एक मैदान लागायचं. तिथं सिमेंटच्या गोलावर मुलं चाकांवर फिरायची. एके दिवशी तनू जाळीला जी चिकटली ती चिकटलीच. मी म्हटलं, ‘चल, मेथी सुकेल.’ ती म्हणाली, ‘सुकू दे.’ तिथून सगळं सुरू झालं. पुढे तिच्यावर पेपरात बरंच छापून आलं, पण त्या रात्री आम्ही सुकलेली मेथी खाल्ली हे कुणी छापलं नाही.

तिला शिकवायला एक सर होते. त्यांच्या तोंडात कायम शिट्टी, त्यामुळे ते बोलायचे कमी आणि वाजवायचे जास्त. मी जाळीबाहेर बाकावर वह्या तपासत बसायची. वेगाच्या या शर्यतीत ताठ उभं राहून चालत नाही, हे मला तिथं कळलं. खुर्चीत बसल्यासारखं गुडघ्यांत वाकायचं, पाठ पार आडवी करायची, आणि वळण आलं की अंग आत कलतं करून उजवा पाय उचलून डाव्याच्या पलीकडे टाकायचा. सगळी वळणं डावीकडची. एकदा मी विचारलं, ‘उजवीकडे का नाही गं वळत कुणी?’ तर म्हणाली, ‘नियमच आहे, मम्मी.’ मी म्हटलं, कमाल आहे, मळणीच्या बैलांसारखी सगळी एकाच अंगानं फिरतायत आणि वर त्याला शर्यत म्हणायचं. ती माझ्यावर दोन दिवस रुसली होती.

ती राज्यात पहिली आली तेव्हा गावानं चौकात फ्लेक्स लावला. फ्लेक्स करणाऱ्या मुलाला स्केटिंग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यानं मोबाईलवर शोधलं, आणि तनूच्या फोटोमागे बर्फाचे डोंगर टाकून दिले. आमच्या चौकात, जिथं डिसेंबरातही दुपारी डोकं तापतं, तिथं माझी पोरगी महिनाभर हिमालयात उभी होती. सुट्टीला गावी गेले की दूध घालायला येणारी माणसं मला विचारायची, ‘बाई, तिकडं बर्फात पोरीला थंडी लई वाजत आसंल?’ सुरुवातीला मी समजावून सांगायची. नंतर कंटाळले आणि म्हणायला लागले, ‘हो, स्वेटर दिलाय.’

शर्यतीचे कपडे अंगाला घट्ट असतात. त्यावरून आमच्या नात्यातल्या एका बाईंनी नाक मुरडलं, तर आमचे हे शांतपणे म्हणाले, ‘शर्यतीच्या बैलावर कुनी झूल घालतं का?’ विषय तिथंच मिटला. आमच्या ह्यांचं असंच आहे. शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात त्यांचं लहानपण गेलं, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना गोठ्यातून फिरवून आणल्याशिवाय समजत नाही. लग्न झालं तेव्हा मला याचा राग यायचा. आता राग येतो, पण टिकत नाही.

आणि मग ती पडली. परराज्यात मोठी स्पर्धा होती. मी तिथं नव्हते, मी नंतर मोबाईलवर पाहिलं. ते एकदाच पाहिलं आणि पुन्हा कधी उघडलं नाही. वळणावर पुढची मुलगी घसरली, तनू तिच्यावर आदळली आणि मागच्या मुली तनूवर. गळ्याखालचं हाड मोडलं. हाड तरुण होतं, दिवाळीपर्यंत जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता काही अडचण नाही. तनू पुन्हा चाकांवर उभी राहिली, सरळ रस्त्याला पहिल्यासारखीच सुसाट निघाली, आणि वळण आलं तशी ताठ झाली. उजवा पाय उचलला, पण तो पलीकडे पडेचना. हवेतच थांबला. दुसऱ्या दिवशीही तेच, आठवड्यानंतरही तेच. शेवटी सरांचा फोन आला. शिट्टी बाजूला काढून ते म्हणाले, ‘बाई, तिला थोडे दिवस घरी न्या. इथं सगळे बघत असतात.’

तोवर माझी बदली गावाकडे झाली होती. तनू आली, दारात बॅग ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, ‘मम्मी, संक्रांतीनंतर निवड चाचणी आहे. तोवर वळण जमलं तर जमलं. नाहीतर मी सोडणार. मला उगाच रडत नाही बसायचं.’ आणि आत जाऊन बराच वेळ रडत बसली.

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. मला काय वाटत होतं ते आज स्पष्ट सांगते. मला तिचं वळण जमायला हवं होतं, अगदी जीव तोडून हवं होतं. आणि ते जमलं की ती पुन्हा त्याच वेगानं त्याच वळणांवर जाणार, हेही दिसत होतं. देवापुढे हात जोडले की नेमकं काय मागायचं ते कळेना. मग मी नुसतंच म्हणायची, ‘तुला कळतंय ना, मग बघ तूच.’ देवाला असं मोघम सांगितलेलं चालतं की नाही, कोण जाणे.

आमच्या गावाला स्केटिंगचं मैदान कुठून असणार? पण कांद्याच्या बाजार आवारात काँक्रीटचा लांबरुंद ओटा आहे. लिलावाच्या दिवशी त्यावर कांद्याचे ढीग असतात, एरवी सकाळी तो मोकळा असतो. तनूच्या पप्पांनी पोत्यांत भुसा भरून ती ओट्यावर दोन टोकांना गोलाकार मांडली, म्हणजे पोरगी आदळली तर मऊ लागावं. मग खराटा घेऊन आख्खा ओटा झाडला. कांद्याची वाळकी टरफलं कितीही झाडली तरी कुठून तरी येतातच. तनू वेगानं गेली की तिच्यामागे ती गुलाबी टरफलं उठायची, थोडं अंतर तिच्या पाठोपाठ धावायची आणि मग दमून खाली बसायची. मला ते पाहायला फार आवडायचं. घरी आलं की टरफलं माझ्या पदराला, तिच्या वेणीला, ह्यांच्या कानटोपीला चिकटलेली सापडायची.

पण वळणाशी सगळं थांबायचं. आवाज वाढत वाढत यायचा आणि अडखळायचा. ती ताठ व्हायची, हात पसरायची, आणि एखादी म्हातारी ओढा ओलांडते तशी जपून वळण पार करायची. मग पुन्हा सरळ सुसाट. एका सकाळी हे खराटा टेकून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

‘ती बुजलीय,’ ते म्हणाले.

‘ती काय बैल आहे?’

‘बैल न्हाई. पन बुजलीय.’

आमच्याकडे पूर्वी पाखऱ्या नावाचा बैल होता. कालव्याच्या मोरीवर, म्हणजे तिथल्या छोट्या पुलावर, एकदा ट्रकवाल्यानं त्याच्या कानाशी भोंगा वाजवला, तेव्हापासून तो मोरीपाशी आला की चारी पाय रोवायचा. मारून उपयोग नाही, ओढून उपयोग नाही. ह्यांनी काय केलं, रोज संध्याकाळी त्याला गाडीशिवाय, नुसतं दाव्याला धरून मोरीवर न्यायचे आणि तिथंच त्याच्यापुढे हिरवी वैरण टाकायचे. पाखऱ्या खायचा, हे शेजारी बसून राहायचे. जनावर जिथं बुजलं तिथंच त्याला पोटभर घालायचं, असा आमच्याकडच्या जुन्या माणसांचा रिवाज. महिनाभरानं पाखऱ्या गाडीसकट मोरीवरून गेला. ही गोष्ट मी लग्नानंतर इतक्या वेळा ऐकलीय की पाखऱ्याला न पाहता मी त्याचं चित्र काढू शकेन.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ह्यांनी मला भाकरी डब्यात बांधून द्यायला सांगितली. आम्ही तिघं बाजार आवारात गेलो. तनू पायांत चाकं चढवायला लागली तर हे म्हणाले, ‘थांब. आधी इकडं ये.’ आणि वळणावर, बरोब्बर जिथं ती ताठ व्हायची तिथं, त्यांनी पोतं अंथरलं.

‘इथं कशाला, पप्पा?’

‘बस. खा.’

‘वळणावर?’

‘मग काय टेबल मांडू?’

तनूनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, पाखऱ्याची गोष्ट तिनंही पाळण्यापासून ऐकली होती. ती खो खो हसत सुटली. पडल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती, त्यामुळे मनातल्या मनात मी त्या बैलाचे आभार मानले. मग ती पोत्यावर बसली, आणि आम्ही तिघांनी काँक्रीटच्या त्या वळणावर बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. थंडी अशी की चटणीवर घातलेलं तेल थिजून जायचं.

तो आमचा नेम झाला. लिलावाचे दिवस सोडले तर रोज सकाळी न्याहारी वळणावर. कधी भाकरी आणि ठेचा, कधी रात्रीची पिठल्याची खरवड, एकदा तर संकष्टीचे राहिलेले मोदक. मी शाळेच्या साडीत, वर ह्यांचा जुना कोट. हे कानटोपीत. खाऊन झालं की तनू चाकं बांधायची, आणि आम्ही दोघं तिथंच बाजूला पोत्याला टेकून बसून राहायचो. बैलाच्या वेळीही ते तसेच बसत असत, म्हणून. फायदा काय झाला म्हणाल, तर तनूचं वजन वाढलं. वळणाशी ती ताठ व्हायची ती व्हायचीच. सरांना फोनवर हे सांगितलं, तेव्हा पलीकडून आधी एक शिट्टी ऐकू आली. मग ते म्हणाले, ‘चटणीत तेल जरा कमी घाला.’

सराव आटोपला की तनू शेतावर यायची. टोळीची प्रमुख कडूमावशी. तिचं बोलणं नावासारखं मुळीच नव्हतं, पण धार होती. तनू वाफ्याच्या कडेला बसून रोपं लावायला लागली की ती म्हणायची, ‘आमी जलमभर वाफ्यात वाकलोय, आमाला कुनी फ्लेक्स लावला न्हाई.’

‘लावू की मावशी,’ एकदा तनू म्हणाली. ‘मागं बर्फाचा डोंगर टाकून.’

सगळी टोळी हसली. मग कडूमावशीनं चिखलातून अंगठा न काढता विचारलं, ‘पडायचं भ्या वाटतं व्हय गं तुला?’

‘पडायचं नाही, मावशी. पडताना आतून आवाज आला होता ना, हाड मोडल्याचा. वळण आलं की तो ऐकू येतो.’

हे तिनं मला सांगितलं नव्हतं, सरांना नाही, कुणालाच नाही. कडूमावशीनं चिखलातून अंगठा काढला. चिखलाचा हात तिनं तनूच्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तनूच्या पांढऱ्या टीशर्टावर तो हात उमटला. पुढे तो टीशर्ट मी कितीदा धुतला तरी डाग पूर्ण गेला नाही, आणि तो टाकायलाही मन झालं नाही.

त्या हिवाळ्यात मला माझी मुलगी पुन्हा हाताशी मिळाली होती. नगरला असताना ती शाळा आणि मैदान यांत वाटली गेली होती, नंतर तर स्पर्धांनी नेली. आता संध्याकाळी चुलीपुढे बसून मी तिच्या पायांना तेल लावायची. तिची उजवी पोटरी डावीपेक्षा टणक होती, डाव्या घोट्याला आतल्या बाजूनं घट्टा होता. एवढी वर्षं एकाच बाजूला वळून वळून तिचं अंग तसं घडलं होतं. मी नऊ महिने पोटात वाढवलेलं शरीर, पण त्याच्या कितीतरी गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. गळ्याखाली जिथं हाड जुळलं होतं तिथं बारीक उंचवटा लागायचा. तिथं बोट गेलं की ती डोळे मिटायची आणि मी विषय बदलायची. आम्ही मग मैत्रिणींच्या लग्नांबद्दल बोलायचो, वाटाण्याच्या भाजीत गूळ घालावा की नाही यावर भांडायचो. एवढं साधं सुख होतं, आणि ते संपणार हे मला रोज तेल लावताना कळत होतं. ती बरी झाली तर जाणार. नाही झाली तर राहील, पण मग जी राहील ती तनू नसेल. चाकांना हातसुद्धा न लावणारी, खिडकीशी बसणारी कुणीतरी असेल. तेवढं कळल्यावर देवापुढे काय मागायचं ते ठरलं.

संक्रांत जवळ आली. वाणाची सुगडं बाजारात दिसू लागली, लागवड संपत आली. तनू कमी बोलू लागली, फोन उचलेना. एकदा तर तिनं चाकं पिशवीत भरली आणि म्हणाली, ‘उद्यापासून नको उठायला, पप्पा.’

‘तुला नको तर नको,’ हे म्हणाले. ‘आमी जानार. आमाला सवय लागली तिथं खायची.’

दुसऱ्या दिवशी असं धुकं पडलं होतं की ओट्याचं दुसरं टोक दिसत नव्हतं. ह्यांना आठवडाभर खोकला होता. मी नको म्हणत होते, पण ऐकतील तर शपथ. आम्ही दोघं निघालो, वळणावर पोतं टाकून बसलो आणि डबा उघडला. थोड्या वेळानं तनू आली. चालत नाही, चाकांवरच आली, घरापासून डांबरी रस्त्यानं. ती आमच्याजवळ थांबली नाही. ओट्याच्या पलीकडच्या टोकाला धुक्यात गेली. मला ती दिसत नव्हती, फक्त आवाज येत होता. ह्यांना खोकल्याची उबळ आली, ते पुढे वाकले, मी त्यांची पाठ चोळू लागले. आवाज वाढत वाढत आमच्या दिशेनं येत होता. मी पाठ चोळत राहिले. आवाज आला, आणि अडखळला नाही.

ती आमच्या अगदी जवळून गेली. अंग आत कललेलं, पाठ आडवी, उजवा पाय डाव्याच्या पलीकडे, पुन्हा उजवा, पुन्हा पलीकडे. टरफलं उठून आमच्या डब्यात पडली. तिचं तोंड मला निमिषभर दिसलं. त्यावर आनंद नव्हता, दात घट्ट आवळलेले होते. ती गेली, दुसऱ्या टोकाचं वळणही तसंच घेतलं, पुन्हा आली, पुन्हा गेली. मला रडू आवरेना. ह्यांनी भाकरीवरचं टरफल उचलून बाजूला टाकलं.

‘झालं,’ ते म्हणाले. ‘उद्यापास्नं घरी खायचं.’

निवड चाचणीला आम्ही दोघंही गेलो होतो. पहिली नाही आली, पण संघात आली. नंतर ट्रॅकवरून सरांनी आमच्याकडे बघून शिट्टी वाजवली. ती कुणासाठी होती, ते कळलं नाही. दोन दिवसांनी तनू बॅग घेऊन गेली. त्यानंतर ती घरी आली ती पाहुण्यासारखी, सणाला, लग्नाला, मेडल दाखवायला. पुढच्या सगळ्या वर्षांत तिनं कुठं कुठं वळणं घेतली त्याची गणती मी ठेवली नाही. मोबाईलवर दिसायचं, वेगवेगळ्या देशांतले निळे, तांबडे ट्रॅक, आणि त्यावर माझी डावीकडे वळणारी पोरगी. दरवेळी ती वळणात शिरली की माझी मूठ आवळायची. ह्यांची मात्र नाही. ते निवांत बघायचे. आपण पोरीचं भ्या मोडलं, याची त्यांना खात्री होती. शुक्रवारच्या बाजारात एखादं बुजकं खोंड दिसलं की ते गिऱ्हाइकाला आधी पाखऱ्याची गोष्ट सांगतात आणि मग तनूची. गिऱ्हाईक खोंडाचं विचारतं, हे आंतरराष्ट्रीय स्पर्धेवर जातात.

परवा, लागवडीच्या त्या सकाळी, हात नाकाशी नेऊन मी बांधावर उभी होते आणि तनूचा फोन आला. तिच्याकडे शिकायला येणारी एक लहान मुलगी पडली होती. लागलं फारसं नाही, पण आता वळणाला रडते. ‘काय करू गं, मम्मी?’

मी म्हटलं, ‘त्यात काय, वळणावर बसवून खायला घाल तिला. पप्पांनी तुझं भ्या घालवलंच ना?’

पलीकडे ती हसली. मग जराशानं म्हणाली, ‘मम्मी, ते गेलं नव्हतं.’

‘काय?’

‘भ्या. ते कधीच गेलं नाही. त्या सकाळी नाही आणि नंतरही नाही. प्रत्येक शर्यतीत, प्रत्येक वळणाला तो हाडाचा आवाज यायचा. अगदी शेवटच्या शर्यतीपर्यंत.’

हातातली जुडी मी बांधावर ठेवली. ती सगळी मेडलं, ते सगळे ट्रॅक, मोबाईलवर बघितलेली ती तिची सहज कललेली पाठ. मला वाटायचं, घाबरतेय ती मी एकटीच.

‘मग त्या दिवशी वळलीस कशी?’ मी विचारलं.

‘पप्पांना खोकला झाला होता. तुम्ही दोघं त्या धुक्यात, त्या गार फरशीवर गुडघे जवळ घेऊन बसला होतात, गार भाकरी खात. मला ते बघवेना. वाटलं, मी वळल्याशिवाय हे दोघं इथून उठायचे नाहीत. म्हणून वळले. आणि नंतरही, वळण आलं की मला तुम्ही दोघं तिथं बसलेले दिसायचात. उठवायला जायचीच मी.’ मग ती आवाज हळू करून म्हणाली, ‘पप्पांना सांगू नको हं. भ्या गेलं नव्हतं म्हणून. त्यांना वाईट वाटेल.’

मी बरं म्हटलं. फोन ठेवला, पदरानं तोंड पुसलं, आणि डोळ्यांत कांद्याचा हात गेल्यावर जे होतं ते सगळं झालं. तेवढं बरं झालं, कारण बांधावरून आल्यावर डोळे का ओले आहेत ते मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

वाफ्यात टोळी कामाला लागली होती. यंदा तीन-चार नव्या पोरी होत्या, आणि आमचे हे फावड्यावर रेलून त्यांना तीच गोष्ट सांगत होते. मोरी झाली होती, पाखऱ्या झाला होता, आता तनू वळणावर भाकरी खात होती. कडूमावशी ऐकत नसल्यासारखी रोपं लावत होती. एका पोरीचा विश्वास बसेना. ती म्हणाली, ‘आसं कुटं आस्तं व्हय दादा? भाकरी खाऊन कुटं भ्या जातं?’

‘मग हिला इचार,’ हे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. ‘सांग की गं. मी केलं का न्हाई सरळ पोरीला?’

सगळ्या जणी हात थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. ह्यांची दाढी पांढरी झालीय, खोकला आता कायमचाच आहे, आणि डोळ्यांत तोच भाबडा डौल. मला काहीही लपवावं लागलं नाही. खोटंही बोलावं लागलं नाही.

‘खरं आहे,’ मी म्हणाले. ‘ती वळली ती तुमच्यामुळेच.’